घोडीची उचललेली शेपटी

घोडी कशी आहे, असं तुम्ही नातवंडांनी फोनवर विचारलंत तेव्हा आजोबांनी फोन माझ्या हातात दिला आणि मी विषय बदलला. तिच्या पाठीवर बसून तुम्ही शेतभर फिरला आहात, तेव्हा तुम्हाला कळायला हवं. ती गेली.

ऊस कारखान्याला जायला लागून महिना झाला असेल. सकाळी मी ओट्यावर डाळ निवडत होते. समोर घोडी बांधलेली. तिनं शेपटी बुडापासून उचलून जराशी बाजूला धरली होती. एरवी माशी बसायच्या आत फटका बसायचा. त्या दिवशी मांडीवर तीन-चार माश्या बसल्या होत्या आणि शेपटी हलत नव्हती.

"अहो, ही शेपटी का हलवत नाही?"

आजोबा कौतुकानं बघत म्हणाले, "लई ऐटीत हाय आज. बाजारात घोडीनं अशी शेपटी धरावी म्हणून लोक काय काय करत्यात! तुझ्या इंग्रजी बुकात ऐट न्हाई का, मास्तरीणबाई?"

मी हसले. घोड्यातलं मला काय कळतं, असं मनाशी म्हणून डाळ निवडत राहिले. ते हसणं आता बोचतं.

दुसऱ्या दिवशी पाण्यावर नेताना ती फळी वळावी तशी वळली, मान न वळवता, सगळं अंग एकदम. मग चारी पाय फाकून उभी राहिली. कडबा ओठांत धरला, पण जबडा उघडेना. कडबा तसाच खाली पडला. माझ्या हातातली बादली वाजली तशी ती थरारली आणि आतल्या कोपऱ्यातून एक पांढरट पापुद्रा तिच्या डोळ्यावर सरकला. आजोबा ऐटीचं काही बोलले नाहीत. त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टरांनी दारातूनच तिच्याकडे पाहिलं. "पायाला काही लागलं होतं?"

लागलं होतं. दहा-बारा दिवसांपूर्वी मागच्या उजव्या खुरात जुना खिळा घुसला होता. आजोबांनी पाय धरून पकडीनं तो ओढला. मी भोकात हळद दाबून भरली, कापूस लावला, घट्ट पट्टी बांधली. रोज न चुकता बदलली. चार दिवसांत भोक वरून बुजलं, तेव्हा मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

"बाई, ते उघडं ठेवून धुवायचं असतं. आत धनुर्वात धरला. शेपटी अशी ताठ उचलली, तीही त्यानंच. इंजेक्शन दिलं होतं का?"

धाकट्या, तुला गोठ्याचा पत्रा लागला तेव्हा तू रडत असतानाही मी तासाभरात तुला इंजेक्शनला नेलं होतं. घोडीलाही तेच लागतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

औषध देऊन डॉक्टर म्हणाले, अंधारात ठेवा, आवाज होऊ देऊ नका, आशा थोडी आहे. आम्ही खिडकीला गोणपाट लावलं, तिच्या कानांत कापूस घातला. पण रस्ता जवळच. उसाचे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून जायचे आणि दर गाण्याला ती लाकडासारखी ताठायची. आजोबा रस्त्यावर जाऊन उभे राहिले. हात जोडून एकेकाला सांगायचे, "बाबा, एवढ्या वळणापुरतं बंद कर. जनावर मरायलंय."

"का वो, बैल हाय का, काका?" एकानं विचारलं.

"घोडी."

"घोडीपायी व्हय!" तो हसला. पण गाणं त्यानं बंद केलं आणि नजरेआड होईपर्यंत लावलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी घोडी पडली. तिला उठवायचा प्रयत्न आम्ही केला नाही. तासाभरात संपली.

आता कुणी विचारलं की आजोबा म्हणतात, "खिळा लागला." पट्टीचं नाव काढत नाहीत. एकदा मीच म्हटलं, "लोकांना सगळं सांगा ना. भोक मी बुजवलं."

ते चप्पल घालत होते. "पाय मीच धरला व्हता की," म्हणाले. "बास कर आता."

लाइट आली होती. ते विहिरीवरची मोटार चालू करायला गेले.