सवतीचं पान

आमच्या मोरीत मुंग्या येऊ लागल्या, त्या वर्षी मी तिशीचीही नव्हते. मी मोरीतून उठले की थोड्याच वेळात तिथं काळी रांग लागायची. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, त्यांवर राख टाकायच्या. मला वाटायचं, मुंग्या माझाच माग काढत येतात. कितीही पाणी प्यायले तरी तहान जात नव्हती आणि अंग मात्र सुटत चाललं होतं.

निजामी जाऊन काही वर्षं झाली होती. तुळजापुरात कारकुनी करणारे माझे यजमान उर्दू सोडून मराठीत टिपणं लिहायला शिकत होते. तेच मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून काचेची नळी दिव्यावर धरली. निळं पाणी हिरवं झालं, मग पिवळं, आणि शेवटी पक्कं विटकरी. "साखर जाते आहे बाई," ते म्हणाले. "तोंडाला लगाम घातला नाहीत तर आधी डोळे जातील, मग पाय, मग तुम्ही." त्यांच्याकडे वजनकाटा नव्हता, म्हणून मला अडत्याच्या काट्यावर ज्वारीच्या पोत्याच्या जागी उभं केलं. हमाल हसले. एरवी मीही हसले असते.

मग नेम ठरला. सकाळी दहाला दीड भाकरी, पालेभाजी, वरण, ताक. चारला मूठभर फुटाणे. सातला पुन्हा दीड भाकरी. गूळ, साखर, भात, केळं बंद. सकाळी एक पांढरी गोळी, आणि गोळी घेतली की वेळेवर खायचंच. मी हट्टी बाई. तीन महिने एक घास वर घेतला नाही. तीनही महिने नळी विटकरीच झाली.

"चोरून खाता तुम्ही," डॉक्टर म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "देवीची शपथ, न्हाय खात."

"मग पान वाढण्यापासून सगळं सांगा."

"आधी तिचं पान वाढते. एक भाकरी, वरण, तूप आणि लिंबाएवढा गुळाचा खडा. मग माझं."

"ती कोण?"

मी पदराआडून टाक काढून दाखवला. चांदीच्या लहानशा पत्र्यावर ठोकलेली बाई, काळ्या दोऱ्यात ओवलेली. यजमानांची पहिली बायको. दुसरेपणावर आलेल्या बाईनं मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात घालायचा, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, ही आमच्यात रीत होती. आत्याबाईंनी तीत आपली भर घातली होती. दोन्ही वेळा तिला पूर्ण पान, आणि पानात गूळ हवाच.

"आणि ते पान खातं कोण?"

"ती."

"बरं. मग त्यातली भाकरी जाते कुठं?"

"मग मी खाते. दाखवलेलं पान टाकायचं नसतं. पण ते तिचं असतंय डॉक्टरसाहेब, माझ्यात कसं धरायचं?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी खोटं बोलत नव्हते. आठ वर्षं मी तो घास स्वतःचा मानलाच नव्हता. उन्हातून घरी येताना टाक छातीला गार लागत होता, आणि एक विचार डोक्यात शिरला तो निघेना: ही मला चारून चारून आपल्याकडे नेते आहे. मी गेले की तिसरी येईल, आणि तिच्या गळ्यात आम्ही दोघी असू.

दुसऱ्या दिवसापासून मी तिचं पान शेजारच्या गाईला घालू लागले. पहिल्या दिवशी गाईनं वास घेतला आणि दोन पावलं मागं सरली. आत्याबाई दारातून बघत होत्या. "तिला उपाशी ठेवू नकोस," एवढंच म्हणाल्या.

नळी हळूहळू हिरवी होऊ लागली. गळ्यातला दोरा सैल पडला. पण जेवायला बसले की समोर कुणीतरी पान संपायची वाट बघत बसलंय असं वाटायचं. मी पाट भिंतीकडे वळवून घेतला. मग ते पाठीमागं बसू लागलं.

एका मंगळवारी देवीचा उपास होता. गोळी सवयीनं घेतली आणि खायचं राहिलं. यजमान कचेरीत, आत्याबाई देवळात. मी दाराला आतून कडी घातली, तिचं पान मांडलं आणि उठू गेले तर उठताच येईना. अंग घामानं भिजलं. बाहेर चाललेल्या बायकांचं बोलणं लांब, फार लांब गेलं. आणि पानापलीकडे ती बसलेली दिसली. वाळलेली, हडकुळी. मी तिला पहिल्यांदा दाखवलेलं लुगडं तिच्या अंगावर होतं. तिनं गुळाचा खडा उचलला आणि हात पुढं केला.

आता उरल्यासुरल्या मला न्यायला आली, असं वाटून मी दात घट्ट आवळले. जगायचं होतं हो मला.

"खा," ती म्हणाली.

मग जिभेवर गोड पसरलं.

आत्याबाई देवळातून येऊन दार वाजवत होत्या, म्हणून जाग आली. मीच उठून कडी काढली; ती आतूनच लावलेली होती. पुढं डॉक्टर म्हणाले, साखर फार उतरली की माणसाचा हात आपसूक गोडाकडे जातो. जात असेल. पण उन्हाळ्यातला गूळ बोटांना चिकटल्याशिवाय राहत नाही, आणि माझी बोटं कोरडी होती.

आत्याबाईंनी पानाकडं पाहिलं. "गूळ कुणी खाल्ला?"

"तिनं दिला मला."

त्या मला वेड्यात काढतील असं वाटलं होतं. त्या उंबऱ्यातच खाली बसल्या.

"तापात होती," त्या म्हणाल्या. "तीन दिवस गूळ मागत होती. वैद्यानं न्हाय म्हणलं, म्हणून मी डबा आढ्याला टांगला. त्या डब्याकडं बघत बघत गेली पोर." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आणि तिनं तुला दिला? तोंडानं काय म्हणाली?"

"खा म्हणाली."

"मला म्हणंल का गं?"

आठ वर्षं त्या कुणाला खाऊ घालत होत्या, हे मला तेव्हा कळलं, आणि रागही आला, आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी दहाला मी पानं वाढली. माझी दीड भाकरी माझ्यापुढं. तिचं पान आत्याबाईंनी स्वतःपुढं ओढलं, भाकरी संपवली आणि गुळाचा खडा हातात धरून माझ्या गळ्यातल्या टाकाकडं बघत बसल्या. पुढं त्या नऊ वर्षं जगल्या. मी "खा" म्हटल्याशिवाय तो खडा त्यांनी एकदाही तोंडात घातला नाही.