वाचनालयातला लाल अंगठा

आधी बाईंचं सांगते. रामघाटाच्या गल्लीतल्या आमच्या मराठी वाचनालयाचं कुलूप रोज दुपारी त्याच उघडतात. निवृत्त शिक्षिका, गुडघे गेलेत, तरी तो उभा जिना चढतात. त्या नसत्या तर मी दहावीला बसलेच नसते.

मी लातूरकडची. आठवीत शाळा सुटली. इथे हिंदी मुलखात, धर्मशाळेत यात्रेकरूंच्या पोळ्या लाटते. दुपारी दोन तास मोकळे मिळतात. तेव्हा अभ्यासाला जागा एकच, हे वाचनालय. दारावरच्या दगडावर कोरलंय, 'कामकरी लोकांस वाचण्यास मोफत.' ज्यांनी सुरू केलं त्यांनी घरातली पुस्तकं डोक्यावरून वाहून आणली म्हणे.

आताचे सेक्रेटरी मात्र दारातच अडवायचे. "काय गं, आधी हात दाखव." हे फक्त आम्हा कामकऱ्यांना. राखेनं घासलेले हात मी उलटेसुलटे दाखवायचे. मग आत जाऊन पुस्तक उघडावं, तर प्रत्येक कोपऱ्यावर विड्याचा लाल अंगठा! तोंडातला तोबरा सांभाळत थुंकीनं अंगठा ओला करायचा आणि पान उलटायचं, ही सभासदांची रीत. वाळलेल्या लाळेनं कागद एकमेकांना चिकटलेले. मी ते नखानं एकेक सोडवायचे.

एकदा सेक्रेटरींनी भूगोलाचं पुस्तक माझ्यापुढे आपटलं. "हे डाग बघ! स्वयंपाकाचे हात. कल से यायचं नाही, समझी?"

परीक्षा महिन्यावर आलेली.

बाईंनी चष्मा लावला. "हळद लाल कधीपासून झाली हो?"

"मग काय आहे ते?"

"तुमचा अंगठा बघू."

"बाई, मजाक पुरे."

"तिचे रोज बघता ना? दाखवा."

पेपर वाचणारे एक आजोबा खिदळले, "दाखव की रे, तुझं लग्न थोडंच जमवायचंय!"

सेक्रेटरींनी हात खिशात घातला. पांढऱ्या कुडत्याच्या त्या खिशाची कड आधीच लाल होती.

त्या दिवसापासून हात बघणं बंद झालं. अंगठे मात्र चालूच आहेत. त्याच पुस्तकांवर अभ्यास करून मी परीक्षा दिली, दर वेळी घरी जाऊन हात धुतले. निकाल यायचाय, झोप नाही.

परवा बाई जिन्यात मध्येच बसल्या, धाप लागून. बाई, पास होवो न होवो, एक दिवस ही किल्ली मी घेईन. तुम्ही खाली ओट्यावर बसा, हवं ते पुस्तक मी आणून देईन. आणि दार उघडताना कुणाचे हात बघणार नाही.