साहेब येईपर्यंतची खुर्ची

आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मीच. बाबा रायपुरात, भनपुरीच्या एका कारखान्यात फिटर होते. बी.कॉम.चा निकाल लागला तेव्हा त्यांनी साऱ्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, बुंदी वाटली. हे आधीच सांगते, कारण पुढे ज्या ज्या साहेबांनी "दीदी, आप तो समझदार हैं" म्हणून मला गप्प बसवलं, त्यांना वाटायचं, हिला इथवर येऊ दिलं हेच पुष्कळ. मला ते पुष्कळ नव्हतं. मी परीक्षा देऊन आले होते, कुणाच्या मेहरबानीनं नाही.

छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर राजधानी झालं तेव्हा मी सरकारी ऑफिसात लिपिक होते. भोपाळहून ट्रक भरून फायली आल्या, मागून अधिकारी आले. त्यांना बसायला जागा नव्हती. आमच्याच हॉलमध्ये प्लायवूडचे आडोसे घालून खोल्या केल्या. कोणता गठ्ठा कोणत्या जिल्ह्याचा, ते आम्ही लावलं. रविवारीही जायचो, आणि आनंदानं जायचो, खोटं कशाला बोलू? आपलं राज्य झालं, आता पदं निघतील, बढती मिळेल.

पदं निघाली. मला मिळाला प्रभार.

अधीक्षकाची जागा रिकामी झाली की सेक्शनमधल्या जाणत्या लिपिकाला 'प्रभारी' म्हणून तिथं बसवायचं, ही आमच्या ऑफिसची रीत. काम अधीक्षकाचं, खायची बोलणी अधीक्षकाची, पद आणि पगार लिपिकाचा. बाहेरून नवा अधीक्षक आला की आपला डबा, उशी, चष्म्याचं घर उचलायचं आणि बाजूच्या टेबलावर जायचं. त्याला काम शिकवायचं. तो शिकला की बदली करून घ्यायचा, आणि आपण पुन्हा खुर्चीत. वरून प्रभार घेणाऱ्यानंच सगळ्यांना पेढे द्यायचे! पहिल्या वेळी मीही सदर बाजारातून आणले. बाबा सांगत सुटले, "माही पोट्टी साहेब झाली."

खुर्ची सोडावी लागली तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "काहून वं? काही चुकलं का तुह्यं?"

चुकलं असतं तर नोटीस तरी आली असती.

बढतीची बैठक दरवर्षी पुढे जायची. मी दरवर्षी अर्ज द्यायचे, दरवर्षी ऐकायचे, "इस बार पक्का, दीदी." बाबा गेले. ऑफिस नव्या रायपूरच्या काचेच्या इमारतीत गेलं. तिथंही मी त्या खुर्चीत उठबस करतच राहिले. निवृत्ती वर्षभरावर आली आणि तेव्हाच्या अधीक्षकाची बदली झाली. मोठ्या साहेबांनी बोलावलं.

"दीदी, फिर से सँभाल लीजिए."

"प्रमोशन का आदेश निकालिए सर, आज ही बैठती हूँ."

"अरे, ये तो घर का ही काम है."

"घर का काम घर पे करके आई हूँ, सर."

ते हसले. मी हसत नाही हे पाहून थांबले. "फिर किसी और को देना पड़ेगा."

"दीजिए."

प्रभार आमच्याच सेक्शनमधल्या एका तरुण मुलीला दिला. घरची मराठी, समजायचं सगळं, पण बोलायची हिंदीत. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आली.

मी विचारलं, "प्रमोशन झालं का तुह्यं?"

"नहीं दीदी, प्रभार है."

"मंग पेढे कायचे?"

"सब देते हैं ना..."

"मले नको. अन् तू बी वाटू नको. पहिले आदेश माग."

ती डबा घेऊन पुढच्या टेबलाकडे गेली आणि तिनं पेढे वाटले. मला तिचा राग आला, आणि तिला हे शिकवणाऱ्यांचा त्याहून जास्त.

माझ्या बढतीची बैठक झालीच नाही. ज्या पदावर होते त्याच पदावरून निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी हार घातला, शाल दिली. तेच मोठे साहेब भाषणाला उभे राहिले. म्हणाले, "दीदी ने पूरी नौकरी में कभी पद की इच्छा नहीं की."

लोक टाळ्या वाजवायला लागले. मी खुर्चीतून उठले. माईक त्यांच्या हातात होता, मला त्याची गरज नव्हती.

"की थी, सर," मी म्हटलं. "हर साल की थी."