बाबांना गमेल असं गाव

बाबा मला स्टेशनवर सोडायला आले, तेव्हा त्यांचा मुलगा कॉम्प्युटर शिकायला पुण्याला चालला आहे हे साऱ्या फलाटाला कळलं. त्यांची सारी उमर गिरणीत, मागांच्या खडखडाटात गेली होती. हळू बोलणं त्यांना जमतच नसे. गाडी हलली तसे ते खिडकीशी येऊन ओरडले, "गमलं नाही तर वापस येजो!" आपल्याकडे करमण्याला गमणं म्हणतात, हे डब्यातल्या पुणेकरांना कुठून ठाऊक असणार? ते हसले आणि मी लाजून आत सरकलो.

गल्लीतल्या मंडळींनो, तुम्ही अजून फोनवर विचारता, बाबांना तिकडे नेऊन काय साधलंस? तुमच्यासाठी आणि जे माझ्यासारखेच घर सोडून आलेत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

पुण्यात मी पाच-सहा खोल्या बदलल्या. घरमालक आधी नाव विचारायचे, मग "पूर्ण नाव?" विचारायचे, आणि मग खोली पुतण्याला द्यायचं ठरल्याचं त्यांना आठवायचं. या शहरातल्या पुतण्यांची संख्या बघून मी थक्क व्हायचो. पुढे हिंजवडीत सॉफ्टवेअरची नोकरी लागली, सुजाताशी लग्न झालं, यशू झाली. तिकडे गिरणी बंद पडली आणि आई गेली. कापसाच्या धुळीनं बाबांची छाती भरलेली होती. त्यांनी एकट्यानं राहणं आता शक्य नव्हतं. ते यायला तयार झाले, पण एका अटीवर. "वंदना म्हणता आली पाह्यजे. नाहीतर मले नाही गमणार."

त्यांची वंदना तुम्हाला मी काय सांगू! पहाटे पांढरा सदरा घालून ते बसायचे आणि गल्लीभर आवाज जायचा. त्या आवाजावर तुम्ही चुली पेटवायचात.

म्हणून घर घ्यायची वेळ आली तेव्हा मी दोनच गावं धरली. लोणी काळभोरला आपल्या लोकांच्या वस्तीलगत एक बैठं घर होतं. विहार अगदी शेजारी, पण ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. दुसरं तळेगाव. तिथं नव्या सोसायटीत फ्लॅट होता, यशूला चांगली शाळा होती, आणि कंपनीची बस थेट कोपऱ्यावर यायची. सुजाता म्हणाली, "ज्यांना राहायचंय त्यांनाच विचारा." मलाही ते पटलं.

आधी लोणी बघितलं. बाबा विहारात जाऊन बसले आणि तिथल्या लोकांबरोबर वंदना म्हणू लागले. बघता बघता त्यांचाच आवाज पुढे आणि बाकीचे मागे, असं झालं. ज्यांचं घर आम्ही बघत होतो ते काका खूश झाले. "आवाज लई खणखणीत हाय बाबांचा. हितंच ऱ्हावा की!" बाबा हसले. आई गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच असं हसताना पाहत होतो. माझ्या मनात घर तिथंच ठरलं.

तळेगावला ते बाल्कनीत उभे राहून "हवा चांगली हाय" एवढंच म्हणाले. यशूची शाळा कुठली ते त्यांनी वरूनच पाहून घेतलं. लोणीहून मला ऑफिसला जायला किती वेळ लागेल तेही विचारलं. जिना उतरताना म्हणाले, "हेच घे."

"बाबा, तुम्हाला लोणी आवडलं होतं ना?"

"आवडलं तर आवडलं. तिथून जाशील तर पोरीले झोपेतच पाह्यशील."

मी पुष्कळ समजावलं. गिरणीत दुहेरी पाळी केलेला माणूस, माझं लहानपणीचं तोंड त्यांनी झोपेतच पाहिलं होतं. ते बधले नाहीत.

तळेगावला आल्यावर सुरुवातीला त्यांचा आवाज तसाच खणखणीत होता. मग एका रविवारी खालच्या मजल्यावरचे गृहस्थ आले. अतिशय सभ्य माणूस. त्यांच्याकडे रोज सकाळी भूपाळ्यांची कॅसेट लागायची आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

"अहो, आपले वडील पहाटे जे म्हणतात, ते नक्की काय असतं?"

"बुद्धवंदना."

"अच्छा. आम्हाला वाटलं, कुणाचा तरी रेडिओ बिघडलाय."

पुण्यात इतकी वर्षं काढल्यावर टोमणा मला लगेच कळतो, उत्तर मात्र अजूनही दार लावल्यावर सुचतं. पण त्या दिवशी मी तोंडावर सांगितलं की वंदना रोज होईल आणि अशीच होईल. ते "छान, छान" म्हणत जिना उतरले. मी वळलो तर बाबा आतल्या दारात उभे होते.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे बसले. सदरा तोच, वेळ तीच. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

"बाबा, मोठ्यानं म्हणा. कुणाच्या बापाचं घर नाही हे, आपलं आहे."

"मनात म्हणून राहिलो ना," ते पुटपुटले. "पोरीले इथं खेळायचं हाय."

मी रागावलो, सुजाता रडली, काही उपयोग झाला नाही. वापस जाऊ असं ते कधीही म्हणाले नाहीत. गमतं का, असं विचारायचं मला धाडस झालं नाही. दोन हिवाळे त्यांनी तसे काढले आणि तिसऱ्यात छातीनं दगा दिला.

लोणीचे काका चार माणसं घेऊन आले आणि आमच्या हॉलमध्ये मोठ्यानं वंदना झाली. खालचे गृहस्थ दारात हात जोडून उभे होते. डोळे खरोखर ओले होते त्यांचे. मला मात्र त्यांना जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटलं.

आता यशू मोठी झाली आहे. याच जिन्यावर खेळली, खालच्यांच्या नातीशी तिची घट्ट मैत्री आहे. बाबांना हवं होतं ते झालं. गाव तिकडे आहे, तुम्ही आहात, पण कुणी घर विचारलं की मी तळेगावचाच पत्ता सांगतो. बाबांनी ते निवडलंय, मी सोडू कसा?

पहाटे आता मी वंदनेला बसतो. मला कुणी अडवत नाही, खालची कॅसेटही कधीच बंद झाली आहे. रोज ठरवतो, आज खड्या आवाजात म्हणायचं. दार बंद आहे की नाही, ते उठून बघतो. मग हळूच म्हणतो.