उकरायचा वाफा

फिलोमिना मावशी पहिल्यांदा शाळेत आल्या तेव्हा त्यांनी मोठ्या बाईंच्या देखत मागच्या अंगणातली चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली. नीट चव घेतली, थुंकल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "खारी हाय. पन होईल." मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. ती माती जणू मीच कालवून दिली होती, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

कारण मावशींना मीच आणलं होतं. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कजवळच्या आमच्या मराठी शाळेत एक समुपदेशक बाई येऊन सांगून गेल्या, की वर्गात न टिकणाऱ्या मुलांना बागकाम द्या, मनं शांत होतात. सल्ला देऊन त्या मोकळ्या झाल्या. कुदळ कोणी धरायची ते सांगितलं नाही. मी ज्यांच्याकडून वाल घ्यायचे त्या मावशी डोंगरी गावाहून बसने भाजी घेऊन यायच्या. म्हटलं, यांनाच विचारू. मग आम्ही पाणी घालघालून मातीतलं मीठ धुतलं, डोंगरीची चांगली माती गोणीतून आणली. बसच्या कंडक्टरशी भांडण मावशींनी करायचं आणि गोणी मी उचलायची, अशी वाटणी होती.

मुलं सहा. मावशींनी त्यांना कधी 'बाळा-सोन्या' केलं नाही. शेतावरच्या गड्यांशी बोलावं तशा बोलायच्या. काम जमलं तर फक्त "बरा हाय." त्या एका 'बरा हाय'साठी माझ्या वर्गातला सगळ्यात दांडगट मुलगा तासभर ढेकळं फोडायचा. पण दुसऱ्याच आठवड्यात सहाही जण घरी कुंड्यांतली माती चाखायला लागले आणि एक वडील जंताचं औषध हातात नाचवत शाळेत आले. मी माफी मागत होते. मावशींनी शांतपणे विचारलं, "तुमच्या कुंडीतली गोड हाय ना?" गृहस्थ म्हणाले, "हो, गोड आहे." म्हणजे त्यांनीही चाखली होती.

सहांतली एक प्रज्ञा, माझ्याच दुसरीच्या वर्गातली. परभणीकडून नुकतीच आलेली. वडील वारलेले, आई हाटकेशला एका कारखान्यात पॅकिंगला. आई सोडून गेली की दहा मिनिटांत ही वर्गातून फाटकाकडे धूम ठोकायची, आई दिसते का बघायला. दोनदा रस्त्यावर पोचली, एकदा रिक्षाखाली येता येता वाचली. मोठ्या बाईंनी आईला बजावलं, नाताळपर्यंत बघू; पुन्हा बाहेर गेली तर दाखला घेऊन जा. पोर घरी बसली की आईची नोकरी गेलीच. त्या बाईचा चेहरा पाहून त्या दिवशी माझा डबा तसाच राहिला.

दिवाळीनंतर वाल लावले. दुसऱ्या दिवशी बघते तर प्रज्ञाने सगळे उकरून काढलेले. मी अशी तापले की विचारू नका. मावशींनी आधी मला गप्प केलं. वाल परत लावले आणि शेजारी एक छोटा वाफा करून त्यात वीसेक दाणे टाकले.

"ज्याला बघल्याबिगर चैन न्हाय, त्याचा हा उकरायचा वाफा," त्या म्हणाल्या. "रोज एक दाना काढायचा, बघायचा, परत निजवायचा."

झालं! बाकीचे पाचही रांगेत उभे. दोन दिवसांनी त्या वाफ्याच्या कडेला सँडलच्या टाचेचा ठसा सापडला. शाळेत उंच टाचा फक्त मोठ्या बाई घालायच्या.

प्रज्ञा रोज एक दाणा काढे. फुगलेला, मग फुटलेला, मग शेपटी आलेला. सहाव्या दिवशी ती नुसतीच बसून राहिली. आज बघायचं नाही का, असं मी विचारलं.

"माहीत झालंय बाई, आत काय चालूय ते."

फाटकाकडची धाव मात्र सुटली नव्हती. ते रडगाणं मी मावशींपुढे गायले. त्यांनी एवढंच विचारलं, "आय जाते ती जागा पोरीनं बघलीय का?"

मी डी.एड. झालेली, पंधरा वर्षं शिकवत असलेली. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दुसऱ्या सकाळी मावशींनीच आईला फाटकाशी गाठून समजावलं. आईने सुपरवायझरच्या विनवण्या करून शनिवारी लेकीला सोबत नेलं. सोमवारी प्रज्ञाने मला सगळं सांगितलं. आईचं स्टूल निळं आहे, डबा खिळ्याला टांगतात, पंखा कुरकुरतो आणि पाचला घंटा होते. त्या दिवशी ती फाटकाकडे गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

पण मला कुठला धीर! नाताळला आठच दिवस होते. फळ्यावर दोन आकडे लिहिले की मी मागे वळून तिचा बाक बघायचे. मधल्या सुट्टीत फाटक अडवून उभी. एकदा तर वही तपासायच्या निमित्ताने विचारूनही घेतलं, आज पळणार नाहीस ना? पोर रडकुंडीला आली. खिडकीबाहेर मावशी पाणी घालत होत्या. गजांना धरून त्या मला म्हणाल्या,

"टीचर, ती रुजलीय. आता तुमीच तिला उकरताय."

भर वर्गात अशी बोलणी मी कधी खाल्ली नव्हती. कान तापले, आणि वाईट म्हणजे बोलणं खरं होतं. मी फळ्याकडे वळले आणि सातचा पाढा पुरा लिहून होईपर्यंत एकदाही मागे पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा प्रज्ञा मान खाली घालून पाढा उतरवत होती. फळ्यावरचं माझं अक्षर मात्र सात चोकपासून पुढे वाकडं झालं होतं.