श्यामासाठी केलेली तरतूद

आमच्या घरात कोणी अंडं खात नाही. म्हणून आम्ही कोंबड्या पाळल्या.

हे वाक्य मी बऱ्याच लोकांना सांगितलं आहे आणि प्रत्येकाने माझ्याकडे काळजीने पाहिलं आहे. खुलासा असा : आमच्या मागच्या अंगणात आईचा अळूचा वाफा आहे. त्या अळूवर गोगलगायींची धाड पडली. गोगलगायी कोंबड्या खातात, असं शुभदाने (ही माझी पत्नी) कुठेतरी वाचलं. (खातात कोंबड्या. खाल्ल्या जातात गोगलगायी. मीही आधी दोनदा विचारून घेतलं.)

आई ऐंशीच्या पुढची. ती नाही म्हणेल आणि विषय संपेल, असा माझा अंदाज होता. आईने अळूकडे पाहिलं, पानांच्या झालेल्या चाळण्यांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "येऊ देत. पण अंडं उंबऱ्याच्या आत येता कामा नये."

तेव्हा अंडी अंगणातूनच परस्पर कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे जायची, असं ठरलं. तेव्हापासून माझ्या शर्टाच्या कॉलरी इतक्या कडक येऊ लागल्या की मान वळवायची तर आधी खांदे वळवावे लागतात.

शुभदाच्या शाळेतल्या एका बाईंच्या माहेराहून, सासवडकडून, चार कोंबड्या आल्या. तीन तपकिरी आणि एक काळी. काळीचं नाव शुभदाने 'श्यामा' ठेवलं आणि पहिल्याच दिवशी ती एकदा शिंकली म्हणून तिला मांडीवर घेतलं. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या शिंकेची कोणी इतक्या तातडीने दखल घेतल्याचं मला आठवत नाही.

खुराडं मी जुन्या टीव्हीच्या लाकडी कपाटाचं केलं. कोंबड्यांनी ते बाहेरून पाहिलं आणि माझ्या स्कूटरवर झोपायला गेल्या. मग कळलं की नव्या कोंबड्यांना सुरुवातीला काही दिवस खुराड्यातच कोंडून ठेवायचं असतं, म्हणजे हे आपलं घर, हे त्यांना पटतं. कोंडलं. पटलं. स्कूटरला मात्र अजून पटलेलं नाही, तिच्या सीटकडे पाहिलं की कळतं.

एवढं सगळं सुरळीत लागलं आणि शुभदाला भाचीच्या लग्नासाठी नागपूरला जावं लागलं.

"अहो, नीट ऐका," बॅग भरता भरता ती म्हणाली. "सकाळी दाणे, दुपारी पाणी बदलायचं, संध्याकाळी मोजून आत घ्यायच्या."

"मोजायचं मला सांगू नकोस," मी म्हणालो. मी बँकेत आहे. चेकवरची सही खातेदाराच्या नमुन्याच्या सहीशी जुळते की नाही, हे पाहणं, हे माझं आयुष्यभराचं काम. वेलांटीचा फाटा जरा इकडे गेला तरी माझ्या नजरेतून सुटत नाही.

"मी परत येईन तेव्हा चारही दिसल्या पाहिजेत. आणि श्यामाला काही झालं ना, तर मला तोंड दाखवू नका."

ती गेली आणि श्यामा बसली.

बसली म्हणजे बसलीच! खुराड्याच्या कोपऱ्यात, गवतावर, पिसं फुलवून, डोळे एका जागी लावून. दाणे दाखवले, ढिम्म. पाणी दाखवलं, ढिम्म. उचलायला हात घातला, तर घशातून असा काही आवाज काढला की मी आपोआप "सॉरी" म्हणालो. वर तिने माझ्या अंगठ्याला चोच मारली ती वेगळीच.

मी मोबाईलवर लक्षणं शोधली. तिथे जेवढे आजार दिले होते, ते सगळे श्यामाला झालेले होते. दोन मलाही झालेले होते.

शेवटी आमच्या रस्त्यावरच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "आम्ही कुत्री-मांजरं बघतो. कोंबडीला बरं करायला कोणी आणत नाही हो सहसा."

ज्यांच्या माहेरच्या कोंबड्या, त्या बाईंना विचारावं, तर त्यांचा नंबर शुभदाकडे. आणि शुभदाला विचारणं म्हणजे सांगणं! रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा.

"कशा आहेत?"

"चारही जागेवर आहेत," मी सांगायचो. मला खोटं बोलता येत नाही. चारही जागेवर होत्या. एक तर अगदीच जागेवर होती.

आईने मात्र श्यामाकडे एकदाच पाहून निदान केलं. "बाळंतीण आहे ती."

"आई, ती कोंबडी आहे."

"मग कोंबड्यांना बाळंतपण नसतं? इतकी अंडी घातली बिचारीने, आणि एकदा तरी कोणी विचारलं का तिला? उचलली अंडी की चालले इस्त्रीवाल्याकडे! तिला आता विश्रांती हवी."

आणि आईने विश्रांती द्यायला सुरुवात केली. खुराड्यात जुन्या लुगड्याची मऊ घडी आली. वारा लागू नये म्हणून पुढे पडदा आला. शेपांच्या धुरीने तपकिरी तिघी शिंकू लागल्या. डिंकाचा लाडू कुस्करून वाटीत आला. श्यामाने तो थोडा खाल्ला आणि आधीपेक्षा जास्त ऐसपैस बसली.

"बघ," आई म्हणाली, "मानवतंय तिला."

मला ते मानवणं वाटेना. मला ती दिवसेंदिवस खंगताना दिसत होती. बँकेत एखादं कर्ज बुडणार असं दिसू लागलं की आम्ही ते बुडेपर्यंत थांबत नाही. आधीच तरतूद करून ठेवतो. मीही तसंच ठरवलं. श्यामा वाचली तर उत्तम. नाहीच वाचली, तर शुभदाला लगेच धक्का बसू नये, म्हणून हुबेहूब तशीच दुसरी काळी कोंबडी तयार ठेवायची! (नंतर योग्य वेळ पाहून मी तिला खरं सांगणारच होतो. योग्य वेळ माझ्या निवृत्तीनंतर केव्हातरी येईल, असं वाटत होतं.)

श्यामाचा फोटो मोबाईलमध्ये घेतला आणि कसबा पेठेतल्या एका चिकनच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिलो. अशा दुकानात शिरण्याचा आयुष्यातला पहिला प्रसंग. चप्पल बाहेर काढायची की नाही, इथून सुरुवात.

"बोला काका. किती देऊ?"

"एक."

"एक किलो?"

"एक कोंबडी. जिवंत."

"समोरच कापून देतो की."

"कापायची नाही! घरी न्यायची आहे. आणि काळी हवी." मी फोटो दाखवला. "अशीच. अगदी अशीच."

दुकानदाराने फोटो पाहिला. मग माझा चेहरा, माझा चष्मा, माझी कडक कॉलर पाहिली. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला.

"काका, अमावास्या तर होऊन गेली."

"त्याचा काय संबंध?"

"नाही, चालतं कधीही. कोणासाठी करताय?"

"बायकोसाठी," मी म्हणालो.

दुकानदार एक पाऊल मागे सरकला. "वहिनींवर?"

"तिला कळता कामा नये, एवढंच."

यानंतर त्याने एकही प्रश्न विचारला नाही. त्याच्याकडे एकच काळी होती. मी नेहमीच्या पद्धतीने फोटो आणि कोंबडी शेजारी धरून तपासणी केली. रंग जुळला. चोच जुळली. पायांचा पिवळेपणा जुळला. तुरा जरा मोठा वाटला, पण फोटो खुराड्यातल्या अंधारात काढलेला होता, तेवढा फरक मी मान्य केला.

लग्नात आहेराची मिळालेली, 'शुभविवाह' छापलेली कापडी पिशवी मी बरोबर नेली होती. त्यातून ती घरी आणली. फाटकातच शेजारचे देवधर भेटले. देवधरांचं स्वागत हे कायम चौकशीच्या स्वरूपात असतं.

"काय लिमये, मंडईतून का?"

"त्याच बाजूने."

"पिशवी हलतेय तुमची."

मी पिशवीकडे पाहिलं. पिशवीने "कॉक" केलं.

"ताजं दिसतंय," देवधर म्हणाले आणि आत गेले.

आता अंगणात पाच झाल्या, त्यातल्या दोन काळ्या. घोटाळा नको म्हणून मी नव्या कोंबडीच्या पायात आईच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा बांधला. दोरा असलेली ती नवी, दोरा नसलेली ती श्यामा. इतकं साधं, इतकं चोख! त्या समाधानात मी बँकेत गेलो.

संध्याकाळी आई अंगणात खुर्चीवर बसली होती. चेहऱ्यावर तसंच समाधान.

"विनू, छान सुचलं रे तुला. माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं."

"काय?"

"दृष्ट! नजरच लागली असणार तिला. तू एकीच्या पायात बांधलेला दोरा मी पाहिला, म्हटलं बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? दाणे टाकले, जवळ आल्या तशा बांधून टाकले. बाळंतिणीला आधी बांधला."

मी पाहिलं. पाच कोंबड्या आणि पाचही जणींच्या पायात काळा दोरा.

तरीही मी धीर सोडला नाही. जी बसली आहे ती श्यामा, जी फिरते आहे ती नवी, असा मी हिशेब केला. दुसऱ्या दिवशी सकाळी खुराड्यात डोकावलो तर कोपरा रिकामा! अंगणात दोन्ही काळ्या दाणे टिपत होत्या. मी पाण्याचं भांडं घेऊन परत येईपर्यंत एक पुन्हा आत जाऊन बसली होती. पण कुठली? श्यामाच परत बसली, की श्यामा बरी झाली आणि आता नवी आजारी पडली?

मी फोटो काढला. आधीचा फोटो उघडला. दोन्ही शेजारी ठेवले. माझ्याकडे आता काळ्या रंगाचे दोन चौकोन होते.

फिरणारी जी होती, तिचं वागणंही मला कोड्यात टाकू लागलं. दाणे टाकले की ती स्वतः खात नसे. खाली मान घालून कुटकुट करी, तपकिरी तिघी धावत येत, आणि त्या खाईपर्यंत ही बाजूला छाती काढून उभी.

"संस्कार," आई म्हणाली. "आधी दुसऱ्याला वाढते. शिका काहीतरी."

आणि मग तिला खोकला झाला! सकाळी मान ताणून, डोळे मिटून, असा घोगरा, अर्धवट आवाज काढायची, की जणू घशात काही अडकलं आहे. एकदा, दोनदा, पुन्हा. मी घाबरलो. तरतुदीलाच खोकला! म्हणजे आता तरतुदीची तरतूद करायची? मी पिशवी पुन्हा बाहेर काढलीसुद्धा. त्या दुकानात दुसऱ्यांदा जाऊन काळी कोंबडी मागितली तर दुकानदार पोलिसांना फोन करेल, या एकाच विचाराने थांबलो. आईने पाण्यात ज्येष्ठमध घातलं. त्याने आवाज थोडा मोकळा झाला. मोकळा म्हणजे इतका, की देवधर भिंतीवरून म्हणाले, "लिमये, कोणी गाणं शिकतंय का तुमच्याकडे?"

"खोकला आहे," मी म्हणालो.

"तालात आहे," देवधर म्हणाले.

अशा परिस्थितीत शुभदा नागपूरहून परत आली. रिक्षातून उतरली ती चहासुद्धा न घेता मागच्या दाराने अंगणात. मी तिच्या मागे, आई माझ्या मागे. तिने बोटाने मोजायला सुरुवात केली. बोट पाचव्यावर थांबलं.

"अहो, चार होत्या ना?"

बँकेत रोकड कमी निघाली तर चौकशी होते, आणि जास्त निघाली तरी होतेच, हे मला माहीत होतं. मी सगळं सांगितलं. आजारपण, तरतूद, फोटो, दोरा. "यातली श्यामा कुठली, हे मला आता शपथेवर सांगता येणार नाही," मी म्हणालो. "एक बरी आहे आणि एक जाते आहे. बरी असलेली तुझी असो, एवढंच मी रोज म्हणतोय."

शुभदा खुराड्यापाशी बसली. आतलीने पिसं फुलवून तिच्यावरही गुरगुरून घेतलं. शुभदाने खालून हात घालून तिला अलगद बाहेर काढलं, मांडीवर घेतलं.

"खुडूक बसलीये ही."

"म्हणजे गंभीर आहे?"

"म्हणजे अंडी उबवायला बसलीये. बसतात अधूनमधून. उठवायचं असतं त्यांना. तुम्ही काय केलंत?"

आम्ही लुगड्याच्या घडीकडे पाहिलं. पडद्याकडे पाहिलं. लाडवाच्या वाटीकडे पाहिलं. आईने अळूकडे पाहिलं.

"पण हीच श्यामा कशावरून?" मी विचारलं. "दुसरीही हुबेहूब तशीच आहे. मी स्वतः जुळवून आणली आहे."

तेवढ्यात ती दुसरी स्कूटरच्या सीटवर चढली, मान ताणली, डोळे मिटले. आणि ज्येष्ठमधाचा पूर्ण गुण आला! अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी खणखणीत बांग! पलीकडे देवधरांच्या घरात काहीतरी स्टीलचं खाली पडलं.

शुभदा माझ्याकडे वळली.

"अहो," ती म्हणाली, "ही कोंबडी. आणि तो कोंबडा."

"अरे विनू," आई म्हणाली, "म्हणजे तू जावई घेऊन आलास!"

मी मोबाईलमधला फोटो उघडला, पुन्हा एकदा नीट पाहिला. तुरा थोडा मोठा होता, हे मी तेव्हाच नोंदवलं होतं, असं मी म्हणालो.

शुभदाने श्यामाच्या पायातला दोरा हळूच सोडवला. "तुम्ही बँकेत इतकी वर्षं सह्याच तपासताय ना?"

"हो."

"मग आपले पैसे दुसऱ्या बँकेत ठेवू या."