तिजोरीतलं झाकण

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एकाही माणसाला संशयाचा फायदा दिला नाही. संशय मात्र सगळ्यांना सारखा वाटला; त्यात लहानथोर, आपला-परका असा भेद कधी केला नाही. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा पोहे संपेपर्यंत ते माझ्या तोंडाकडे टक लावून बसले होते. मग "जरा बघू" म्हणून त्यांनी माझा चष्मा मागून घेतला, स्वतःच्या डोळ्यांना लावला, भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येईना तेव्हा समाधानाने परत दिला. "चष्मा तरी खरा आहे, म्हणजे बाकीचंही थोडंफार खरं असेल," असं ते आत जाऊन सासूबाईंना म्हणाले, हे मला पुढे बायकोने सांगितलं.

पनवेलच्या मासळी बाजारात ते घरून स्प्रिंगचा काटा घेऊन जायचे. कोळणीने तोलून दिलेली पापलेटं तिच्यासमोरच पुन्हा तोलायचे. एकदा ती वैतागून म्हणाली, "काका, तुमी म्हावरं घ्यायला येता का माजी झडती घ्यायला? येवडा इस्वास नाय, तर सवताच दर्यावर जावा!" त्यावर हे अगदी शांतपणे म्हणाले, "जाईन की. पण बोट कुणाची घेऊ?" ती खळखळून हसली आणि तिने दोन बोंबील वर टाकले. ते बोंबील घरी येईपर्यंत यांना छळत होते. फुकट का दिले असतील, हा विषय जेवणातही चालला आणि शेवटी बोंबील मला वाढण्यात आले.

या सगळ्या अविश्वासात त्यांचा जीव होता तो त्यांच्या जुन्या पांढऱ्या मोटारीत. मेकॅनिकची जात गाडीतले चांगले भाग काढून टाकाऊ भाग बसवते, याबद्दल त्यांची खात्री होती. म्हणून माझ्या बायकोची कॉलेजातली नेलपॉलिशची बाटली घेऊन त्यांनी इंजिनाच्या एकेका भागावर लाल ठिपका दिला होता. बॉनेट उघडलं की आत गोवर आल्यासारखं दिसे. गॅरेजमध्ये जाताना घरचं स्टूल नेत आणि गाडी सुटेपर्यंत त्यावर बसून राहत.

तर ही गाडी एका पावसाळ्यानंतर तापायला लागली. पनवेलहून निघाली की पळस्पे फाट्यापर्यंत बरी चाले, पुढे काटा लाल रेघेकडे सरके आणि बॉनेटमधून वाफा निघत. थंड झाल्यावर पाहावं तर रेडिएटरमधलं पाणी निम्म्यावर. दुसऱ्या कुणी गळती शोधली असती. यांनी चोर शोधला. सोसायटीत कुणीतरी रात्री येऊन आपलं कूलंट, म्हणजे रेडिएटरमधलं ते रंगीत पाणी, काढून नेतं, असा त्यांनी निष्कर्ष काढला. बॉनेटच्या फटीला कागदी पट्टी चिकटवली, वॉचमनच्या बाटलीतल्या पाण्याचा रंग तपासला. तळमजल्यावरच्या कुलकर्ण्यांची तुळस अचानक तरारली होती, तिचीही चौकशी झाली.

एरवी आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण भाऊबीज तोंडावर आली होती. सासूबाईंचं माहेर शिरढोणचं. तिथले त्यांचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना मामाच म्हणतो, अर्धांगाने अंथरुणाला खिळले होते आणि डॉक्टरांनी फारसं आश्वासन दिलं नव्हतं. लग्नानंतर सासूबाईंची एकही भाऊबीज चुकली नव्हती आणि ही कदाचित शेवटची, हे घरात सगळ्यांच्या मनात होतं. मी म्हटलं, टॅक्सी बोलावतो. सासरे म्हणाले, "मोबाईलवर बोलावलेला माणूस! त्याचं नाव तरी खरं कशावरून?" रिक्षा नको, एसटी नको. सासूबाई त्यांना मागे सोडून जाणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या रोज संध्याकाळी एवढंच विचारायच्या, "झाली का हो गाडी?"

गाडीच्या खेपा कोन गावच्या इक्बालभाईंच्या गॅरेजमध्ये चालू होत्या. इक्बालभाई मोठे आत्मविश्वासाचे गृहस्थ. पहिल्या दिवशी त्यांनी पंखा बदलला, मग थर्मोस्टॅट, मग पाण्याचा पंप. प्रत्येक वेळी "आता बघा, बर्फासारखी चालेल" म्हणायचे आणि प्रत्येक वेळी आम्ही पळस्प्याच्या पुढे रस्त्याकडेला वाफ बघत उभे राहायचो. शेवटी ते कंटाळून म्हणाले, "काका, सगळं नवीन टाकलं. आता या गाडीत जुनं फक्त तुम्हीच राहिलात." यातली गंमत अशी की रेडिएटरचं झाकण सासरे इक्बालभाईंना उघडूच देत नसत. स्वतः उघडत, काम संपेपर्यंत खिशात ठेवत आणि स्वतः लावत.

भाऊबीजेच्या सकाळी इक्बालभाई शेवटचा उपाय म्हणून सोसायटीत आले. आम्ही बॉनेटभोवती उभे होतो. तेवढ्यात सासूबाई नवी साडी नेसून, ताम्हनात चांदीचं निरांजन घेऊन खाली आल्या. दुसऱ्या हातात रुमालाची पुरचुंडी होती. "अहो, हे काय आहे? तिजोरीत निरांजनाच्या मागे होतं." त्यांनी रुमाल सोडला. आत रेडिएटरचं झाकण होतं, लाल ठिपक्याचं.

सासरे गडबडले. "ते ओरिजनल आहे," ते हळूच म्हणाले. "कुणी बदलू नये म्हणून नीट ठेवलं होतं. गाडीला तात्पुरतं एक साधं लावलंय."

इक्बालभाईंनी कपाळावर हात मारला. "काका, ते साधं वाफ अडवत नाही! पाणी उकळून रस्त्यावर चाललंय आणि तुम्ही चोर धरताय!" मग हसू दाबत म्हणाले, "चोर सापडला म्हणा. घरचाच निघाला."

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी झाकण नवऱ्याच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "लावा. उशीर होतोय." सासऱ्यांनी ते लावलं. शिरढोणपर्यंत काटा मधोमध उभा होता. सासरे वाटभर म्हणत होते की काटा अडकला असणार.

सासूबाईंनी मामांना ओवाळलं. सासरे त्या वेळी उशाशी बसून मामांच्या औषधांच्या पाकिटांवरच्या तारखा उन्हात धरून तपासत होते. त्यांच्याकडे बघून मला पहिल्यांदाच वाटलं, की हा माणूस माया करतो ती अशीच.

आम्ही सगळे मामांची धास्ती घेऊन होतो. मामा आजही आहेत. गेल्या उन्हाळ्यात गेल्या त्या सासूबाई. कित्येक महिने जिना चढताना त्या मधेच थांबत, "काही नाही, जरा दम खाते" म्हणत. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर शंका घेणाऱ्या या माणसाने ते शब्द तेवढे खरे मानले.

यंदा भाऊबीजेला मामांकडे निघालो तेव्हा सासऱ्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि शेजारच्या सीटवर बसले. काट्याकडे पाहिलं नाही. मला ते सहन होईना. पळस्प्याला मी मुद्दाम म्हटलं, "बाबा, परवा गाडी एका नव्या मेकॅनिककडे दिली होती. दिवसभर. मी काही थांबलो नव्हतो."

"बरं केलंत," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "चांगला असेल तो माणूस."

मी थोडं पुढे जाऊन गाडी कडेला घेतली, खाली उतरलो, बॉनेट उघडलं, आणि झाकणावरचा लाल ठिपका जागेवर आहे की नाही, ते नीट वाकून पाहिलं.